ऑक्सिमीटर आणि एक रडकं गाणं

शनिवार, १४ ऑगस्ट २०२१, सकाळी सव्वाआठ. क्वेकर्स हिल या परदेशी उपनगरातल्या घराच्या पॅसेजमध्ये मी दोन मास्क चढवून उभी होते. आत खोलीत माझी सत्तरीची घरमालकीण बोटाला ऑक्सिमीटर लावून पलंगावर बसली होती. तिला कोविड झाला होता. माझी टेस्ट निगेटिव्ह होती. ऑक्सिजन ब्याण्णवच्या खाली गेला की अँब्युलन्स बोलवा, असं फोनवरच्या नर्सने बजावलं होतं. बाईला मात्र हॉस्पिटल नको होतं.

"तिथे कुणाला भेटायला सोडत नाहीत, लव्ह. मरायला माझी हरकत नाही, पण अनोळखी माणसांत नको."

एक्क्याण्णव.

"थांब, डॉक्टर," ती म्हणाली. माझी बायोकेमिस्ट्रीतली पीएचडी अर्धवट असतानाच ती मला ही हाक मारून चिडवायची. "आधी गाणं होऊ दे. मग मोज."

गाणं रोजचंच होतं. तिच्या तरुणपणीच्या एका कंट्री गायकाचं. बायको सोडून गेल्यावरही दोघांचा स्वयंपाक करत राहणाऱ्या माणसाचं. ती सोबत गायची आणि रडायची. इथे राहायला आले तेव्हा मी हळहळून विचारलं होतं, "तुम्हाला कुणी सोडलं होतं का?"

"मला? दोन नवरे मीच सोडले!"

"मग रडता कशाला?"

"गाणं चांगलं आहे म्हणून."

हे उत्तर मला आजही नीट कळलेलं नाही. नागपूरला आमच्या वस्तीत गाणं म्हणजे भीमगीत, ऐकणाऱ्याची मान ताठ करणारं. परक्याचं दुःख असं हौसेने ओढवून घेतलं असतं, तर आईने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

गाणं संपलं. पंच्याण्णव.

"बघ," डोळे पुसत ती म्हणाली. "हाच आकडा सांग."

कारण उघड होतं: लांब ओळी पेलण्यासाठी ती खोल श्वास घेत होती. पण म्हणून पंच्याण्णव खोटा ठरत नव्हता. त्याच बोटावर, त्याच यंत्राने तो दाखवला होता. मी गोंधळले. गाणं पुन्हा लावावं, दिवसभर लावावं, असाही अशास्त्रीय विचार मनात येऊन गेला.

शेवटी मी तिला काही वेळ गप्प बसायला सांगितलं आणि पुन्हा मोजलं. ती पुढे हॉस्पिटलमधून बरी होऊन घरी आली, आणि माझा निर्णय अचूक होता असं सगळे म्हणतात. तेव्हा मात्र तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला सोडून मीच निघाले होते. मला रडू आलं. ते तिच्यासाठी होतं की त्या गाण्यासाठी, हे ठरवणारी टेस्ट माझ्याकडे नव्हती.

नर्सने फोनवर विचारलं, "शांत बसल्यावर किती?"

मी सांगितलं आणि लिहून ठेवलं: ९०.