कालिंदीबाईंचा अभिमान

कालिंदीबाई दिघे बोलायला लागल्या की शेजारणीचं दूध उतू जायचं. ऐकता ऐकता ती चूलच विसरायची! बाई मूळच्या वाईच्या. यजमान श्यामकांतराव खिदिरपूरला कस्टम्समध्ये, म्हणून सहा वर्षांपूर्वी कलकत्त्याला आल्या. बंगाली शिकल्या त्या भाजीवालीशी घासाघीस करता करता. त्यामुळे व्याकरणाची फिकीर नाही, पण आवाज असा की पलीकडच्या फुटपाथवरचा गवळी वळून बघेल.

आता हा आवाज कामी कसा आला, ते ऐका. शहरातल्या एका विद्यापीठाच्या पदार्थविज्ञानवाल्यांनी त्या सुमारास लोकांसाठी स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेलं प्रक्षेपणाचं यंत्र उचलून आणलं, गच्चीवर बांबू रोवून तार ताणली आणि जिन्याखालच्या खोलीला आतून रजया ठोकून तिचा स्टुडिओ केला. प्रमुख होते भवतोष लाहिरी. माणूस मोठा हौशी. पण कार्यक्रम काय, तर वातावरणाच्या वरच्या थरांवर तासतासभर व्याख्यानं! ऐकणार कोण? त्यांच्या सासूबाई, आणि त्यासुद्धा झोप लागेपर्यंत. शिवाय यंत्र अशक्त, प्राध्यापकांचं बोलणं लोण्यासारखं मऊ. शहराच्या कडेच्या डमडमला पोचेस्तोवर त्याची नुसती खरखर व्हायची.

एकदा कालिंदीबाई तिथं बाळंतिणीच्या आहारावर चार शब्द बोलल्या, आणि डमडमहून निरोप आला, आज शब्द न् शब्द कळला. भवतोषबाबू खूश!

"दीदी, तुमचे ट आणि ड खरखर फोडून बाहेर पडतात हो!" असं म्हणून त्यांनी गृहिणींचा दुपारचा कार्यक्रम बाईंच्या हवाली केला.

विद्यापीठाच्या निबंधकांना ते काही रुचलं नाही. बंगाली बायकांशी बंगालीत बोलायला मराठी बाई? त्यांनी चाचणीसाठी एक महिना ठरवून दिला आणि बजावलं, "भाषेची एक चूक झाली की दुसरी बाई बघू."

बाईंना ती जागा मनापासून हवी होती. लग्नाआधी त्या वाईला शाळेत शिकवत. कलकत्त्यात आल्यापासून मटार सोलण्यापलीकडे कोणी काही सांगितलं नव्हतं. माइकपुढं बसल्या की पुन्हा वर्ग भरल्यासारखं वाटायचं त्यांना.

महिना संपत आला होता. शुक्रवारी बातमी आली की फाळणीनंतर आलेल्या लोकांच्या एका वस्तीत बायका बाईंचं ऐकून पाणी उकळून पितात, आणि पोरांची हगवण थांबली आहे. बाईंचं मन भरून आलं. कार्यक्रम संपवताना त्या कागद बाजूला सारून बोलल्या, "आपनादेर ओपर आमार खूब अभिमान हय!" तुमचा मला फार अभिमान वाटतो, हे मराठी मनातून आलं ते तसंच बाहेर पडलं.

संध्याकाळी श्यामकांतराव टोपी काढता काढता म्हणाले, "अगं, आमच्या कचेरीतले घोषबाबू विचारत होते, वहिनी कुणावर रुसल्यात?"

"रुसायला मी काय नवी नवरी आहे? आणि तुम्ही तरी कधी समजूत काढली होतीत?"

त्यावर श्यामकांतरावांनी मुकाट्यानं चहा मागितला.

शनिवारी बाई केंद्रावर गेल्या, तर फाटकात ही गर्दी! कुणाच्या हातात संदेश मिठाईचा पुडा, कुणाच्या हातात रसगुल्ल्यांचं मडकं. पुढं होत्या त्या वस्तीतल्या सुनीती नावाच्या एक पांढऱ्या केसांच्या आजी. त्यांनी बाईंची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "मान भाङाते एसेछि, मा!"

बाईंनी हनुवटी सोडवून घेतली. मान मोडायला आल्यात? मग मिठाई कशाला? तशाच आत धावल्या आणि भवतोषबाबूंना विचारलं. ते इतके हसले की चष्मा सावरता येईना.

"अहो दीदी, बंगालीत अभिमान म्हणजे रुसवा! आपल्या माणसानं पुरेशी माया केली नाही की येतो तो. मान म्हणजेही तेच. तुम्ही काल सगळ्या शहराला सांगितलंत, मी तुमच्यावर रुसले आहे. त्या बिचाऱ्या रुसवा काढायला आल्यात!"

एवढ्यात निबंधक आले. गर्दी बघून त्यांचा चेहरा पालटला होता. ते हळूच म्हणाले, "बाई, गप्प राहा. एवढे श्रोते आपल्याला कधी मिळाले होते? रुसला होता, असंच राहू द्या. चूक होती असं आपणहून जाहीर केलंत, तर माझा नियम मला पाळावा लागेल."

"साहेब, मी त्यांना शाबासकी दिली होती. ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. ती पोचवायला नको?" बाई म्हणाल्या आणि पदर खोचून थेट माइकपुढं जाऊन बसल्या. दार मुद्दाम उघडं ठेवलं.

"बायांनो, मी रुसलेली नाही. माझ्या मराठीत अभिमान म्हणजे आपल्या माणसाचं कौतुक वाटून छाती भरून येणं. काल मी तेच म्हणत होते. शब्द चुकला, मन चुकलं नव्हतं. आणलेली मिठाई मात्र परत मिळणार नाही!"

बाहेर असा हशा उठला की तो यंत्रातूनही गेला असणार. सुनीतीआजी दारातूनच ओरडल्या, "कौतुक कसलं ग आमचं?"

"पोरं वाचवलीत, त्याचं!"

आजींनी डोळ्याला पदर लावला. मग निबंधकांकडे वळून म्हणाल्या, "ही पोर सोमवारी बोलणार ना? का आता तुमचा रुसवा काढायचा?"

निबंधकांनी गर्दीकडे पाहिलं, मडक्यांकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "कालिंदीदेवी, सोमवारपासून शिक्षेचा सगळा भार तुमच्यावर."

वाईची दुसरी कुणी असती तर घाबरली असती. पण बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण, एवढं बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एक संदेश निबंधकांच्या हातावर ठेवला आणि सोमवारी काय शिकवायचं, याच्या विचाराला लागल्या.