खलनायक तसा चालेल

मी ज्या नायकाची चित्रकथा काढतो, तो देशासाठी लढतो. कमरेला तिरंगी पट्टा, अंगात शंभर माणसांचं बळ. सीमेवर काही झालं की मुळशीचे डोंगर ओलांडून तिकडे हजर. कल्पना माझीच. पुण्यातल्या एका प्रकाशकाने ती छापायला घेतली आणि पोरांना आवडली. नायकाचा चेहरा मी माझ्या चुलत्यांवरून घेतला होता. काका फौजेतून निवृत्त झालेले. रुंद कपाळ, जुळलेल्या भुवया. आमच्या भरे गावाने त्याला डोक्यावर घेतलं. शाळेच्या भिंतीवर मी त्याला रंगवला, आणि पंधरा ऑगस्टला सरपंचांनी त्या भिंतीपुढेच मला शाल-नारळ दिला.

गेल्या वर्षी मी नवा भाग लिहायला घेतला. नायक सुट्टीवर घरी येतो आणि दारात पाऊल टाकल्यापासून जो तो विचारतो, लग्न कधी. हा प्रश्न मी रोज ऐकतो. मला पुरुष आवडतात, आणि हे मी घरात आईशिवाय कुणाला सांगितलेलं नव्हतं. इतक्या भागांत नायकाला मी गोळ्या झेलायला लावल्या, पुरात उडी मारायला लावली. आता त्याने आईला 'बघू पुढच्या सुट्टीत' म्हणून फसवावं, हे माझ्याने लिहवेना. म्हणून मी त्याला माले गावातला एक मास्तर दिला. दोघं धरणाच्या काठाला बसून भाकरी खातात आणि नायक मास्तराचा हात हातात घेतो. एवढंच.

संपादकांचा फोन आला. माणूस सभ्य, कधी आवाज न चढवणारा. चित्रं फार छान उतरलीत म्हणाले. मग पालक काय म्हणतील, शाळा अंक घेणं बंद करतील, असं बराच वेळ बोलत राहिले. शेवटी आपणच तोडगा काढल्यासारखे म्हणाले, "असं करू या. खलनायक तसा दाखव. खलनायक तसा चालेल, आमची काही हरकत नाही."

"आणि नायक?"

"नायक देशाचा असतो रे."

मी फोन ठेवला. मग मी कुणाचा? मतदानाच्या रांगेत उभा राहतो, राष्ट्रगीताला उभा राहतो, त्यांच्याच अंकासाठी रात्रंदिवस तिरंगा रंगवत होतो, तेव्हा मी कुठल्या देशाचा होतो? हे त्यांना विचारायला हवं होतं.

चित्रकथेचे हक्क माझ्याकडे होते. ती पानं मी माझ्या नावाने इंटरनेटवर टाकली. आठवडाभरात ती गावातल्या प्रत्येक फोनवर फिरत होती.

मग एका सकाळी गावच्या गणपती मंडळाची पोरं आमच्या अंगणात आली. पोरं म्हणायची एवढंच, सगळे माझ्याच वयाचे, लेकरंबाळं असलेले. आमच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये पिरंगुटच्या कंपन्यांतले कामगार भाड्याने राहतात, ते आपापल्या दारात उभे राहून बघत होते. वडिलांनी स्वतः खुर्च्या मांडल्या आणि आईला चहा टाकायला सांगितलं. मला जाब विचारायला आलेल्यांना चहा! शाळेत माझ्या बाकावर बसणारा एकजण पुढे होऊन बोलला.

"तुझं तू काय बी कर. आमी कदी बोललो का? पन फौजेतला मानूस तसला दावायचा न्हाई. शाळेच्या भिंतीपुढं उभा ऱ्हा, माफी माग, आमी व्हिडिओ काढतो. मिटलं."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना, कधीपासूनच. मी गुपचूप राहायचं, त्यांनी गुपचूप राहायचं, आणि त्याबद्दल मी त्यांचे उपकार मानायचे.

वडील जमिनीकडे बघत म्हणाले, "माग की. काय जातंय तुझं?"

मी नाही म्हणालो. आई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आली होती. तिने ते ऐकलं, आणि ट्रे घेऊन परत आत गेली. जाताना पोरं म्हणाली, चित्रात ज्याचं तोंड हाय त्यालाच इचारतो आता.

त्यांच्या आधी मीच काकांकडे गेलो. ते लवासात एका रिकाम्या इमारतीवर राखणीला असतात. समोर तळं, मागे अर्धवट बांधलेले मजले, आणि मधे प्लॅस्टिकच्या खुर्चीत काका, कडक इस्त्रीच्या गणवेशात. पानं त्यांनी पाहिली होती. आधी विचारलं, जेवलास का. मग म्हणाले, "माझं तोंड काढ त्यातनं."

मी विचारलं, "तुमच्या एवढ्या नोकरीत असा कुणीच नव्हता?"

"व्हता," म्हणाले. "लई चांगला व्हता. बर्फात माझा पाय गेल्यागत झाला, तवा पाठीवर घिऊन आला मला."

"मग?"

"मग कळलं समद्यास्नी. ऱ्हाऊ देत्यात व्हय? गेला सोडून."

"तुम्ही काय बोललात तेव्हा?"

"कोन काय बोलनार," म्हणाले. "आन् मला गावात ऱ्हायाचंय."

पाठीवरून आणणाऱ्यासाठी ज्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही, ते माझ्यासाठी काय बोलणार होते? काढून टाकतो, म्हणालो आणि निघालो. घाट उतरताना गाडी कडेला लावून बसलो. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं, ते तेव्हा ध्यानात आलं.

गावात आलो तर शाळेच्या भिंतीवर चुन्याचा हात फिरला होता. एकच हात. त्याखालून तिरंगी पट्टा स्वच्छ दिसत होता. पट्ट्यावर आणखी चुना मारायची कुणाची छाती झाली नसावी.

काकांचं तोंड मी काढून टाकलं. त्या भागाची सगळी पानं नव्याने रेखाटली आणि नायकाला माझा चेहरा दिला: अरुंद कपाळ, मोठं नाक, पुढे आलेले दात. मास्तराला हात लावला नाही. प्रकाशकाचा फोन येत नाही. वाचणारे वाचतात, शिव्या घालणारे तर एकही भाग चुकवत नाहीत. वडील माझ्याशी आईमार्फत बोलतात.

यंदा गणपतीच्या आधी तीच पोरं पुन्हा आली. मंडपातला मागचा पडदा रंगवून हवा होता. झालं गेलं सोड, म्हणाली. कुणाचं झालं आणि कुणाचं गेलं, मी विचारलं. त्यावर माझ्या बाकावरचा म्हणाला, "देवाच्या कामाला न्हाई म्हनतूयास?"

"तुमच्या कामाला नाही म्हणतोय," मी म्हणालो. त्यांनी पडदा पिरंगुटातून छापून आणला.