व्हर्न टॅकेटचा डावखुरा

व्हर्न टॅकेटची बोटं बघून लहान पोरं घाबरायची आणि मोठी माणसं हात मिळवायचं टाळायची. एकही बोट सरळ नव्हतं. तरुणपणी तो बेसबॉलचा कॅचर होता, फेकणाऱ्याच्या समोर उकिडवं बसून बंदुकीच्या गोळीसारखे येणारे चेंडू झेलणारा. छोट्या छोट्या गावांच्या संघांतून खेळला, आणि टेनेसीतल्या एका मैदानावर त्याचं खेळणं कायमचं संपलं. धाव पुरी करायला तिसऱ्या बेसवरून रेड्यासारखा धावत आलेला एक गडी बाजूने न जाता सरळ त्याच्या गुडघ्यावर चढला. काटकन आवाज झाला. व्हर्न पडला, पण पडता पडता त्याने त्या गड्याच्या कानाचा लचका तोडला. "गुडघा माझा गेला, कान त्याचा गेला, फिट्टंफाट!" असं तो आयुष्यभर सांगत राहिला. पंचाने मात्र ती धाव मोजली, आणि हे सांगताना म्हातारपणीही त्याच्या मानेची शीर तट्ट फुगायची.

मग तो आमच्या डोंगरात परत आला. खाणीत जायला लंगडा पाय चालेना, म्हणून ओढ्याच्या पुलापाशी टायरचं दुकान टाकलं. इनाशी लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. आणि वसंत ऋतू लागला की दुकान वाऱ्यावर सोडून हा गृहस्थ शाळाशाळांच्या मैदानांवर पोरं बघत हिंडायचा. दूरच्या एका मोठ्या संघासाठी तो पोरं हुंगून काढायचा. असल्या बिनपगारी माणसाला आमच्याकडे शिकारी कुत्रा म्हणतात, आणि व्हर्नला ते नाव मिरवायला आवडायचं. संघाचा पगारी पारखी डेल प्रुइट मोटारीतून यायचा, व्हर्नने हुंगलेलं पोर बघायचा, आणि जूनमध्ये सगळे मोठे संघ फेरीफेरीने देशभरची पोरं निवडायचे तेव्हा कधी एखादं नाव लागायचं. बदल्यात व्हर्नला काय, तर संघाची टोपी आणि नाताळला खारवलेली डुकराची तंगडी. इना म्हणायची, "तंगडीसाठी तंगडी घालवलीस रे बाबा!"

पारख म्हणाल तर होती त्याच्याकडे. पोरगा मैदानावर काय करतो हे तर कुणीही बघेल. व्हर्न बाकावर बसलेल्या आईकडे बघायचा. "बाप थापा मारतो," म्हणायचा, "आईची मनगटं थापा मारत नाहीत." पण नशीब फुटकं. त्याची पोरं निवडली गेली, खालच्या संघांतून दोन-तीन उन्हाळे खेळली, आणि परत आली. एक खाणीचं छत कोसळून मेलं. एक हातभट्टीला लागलं. वर, खऱ्या मोठ्या मैदानावर, एकही पोहोचलं नाही. साठी उलटली तसा व्हर्न देवाकडे एकच मागायचा, की डोळे मिटण्याआधी एक पोरगा दे.

आणि त्या एप्रिलात त्याला रॉयस मलिन्स दिसला.

पोरगा अठराचा, उंच, हडकुळा, डावखुरा. त्याचा चेंडू कॅचरच्या हातमोज्यात शिरला की लाकूड फुटल्यासारखा आवाज यायचा. व्हर्नने पहिला आवाज ऐकला तेव्हा तो मैदानाकडे पाठ करून शेंगदाणे विकत घेत होता. पुडी तिथेच टाकून तो वळला. बाकावर पोराची आई वॉन्डा बसली होती, लांब मनगटांची, एक डोळा काळानिळा. तिच्या शेजारी बाप ओडेल. खाण बंद पडल्यापासून घरी बसलेला, आणि पोराचा एखादा चेंडू वाकडा गेला की कमरेच्या पट्ट्याचं बक्कल बोटाने वाजवायचा. टिक टिक. पोराच्या कानापर्यंत जाईल इतक्या जोरात. घरी गेल्यावर त्या पट्ट्याचं काय होतं, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं, आणि कोणी तोंड उघडत नव्हतं. आम्हीही नाही. लाज वाटते, पण खरं ते खरं.

त्या दिवशी रॉयसचा एक चेंडू समोरच्या पोराच्या बरगडीत बसला. ते पोर कळवळलं, उठलं, आणि बॅट घेऊनच धावत सुटलं. मग काय विचारता! दोन्ही बाजूंची पोरं एकमेकांवर तुटून पडली. बाप लोक कुंपणावरून उड्या मारून आत आले. कुणाचं नाक फुटलं, कुणाचा दात गवतात पडला, शाळेचे मास्तर मध्ये पडले तर त्यांचाच चष्मा बुटाखाली गेला. ओडेलने एका माणसाला कुंपणाच्या खांबाला धरून इतकं आपटलं की तो माणूस आठवडाभर सरळ चालला नाही. धूळ, रक्त, शिव्या. शेरीफ येऊन हवेत गोळी झाडली तेव्हा कुठे थांबलं.

आणि या धुळवडीत व्हर्नच्या शेजारी दुसऱ्या संघांचे दोन पारखी येऊन उभे राहिले. एकाने विचारलं, "काय म्हातारबा, तो डावखुरा कोण रे?"

व्हर्नने मैदानाकडे पाठ केली. या धंद्याचा एकच नियम, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगा आवडला की त्याच्याकडे पाठ करायची. दुसऱ्यांना सुगावा लागला तर ते आधीच्या फेऱ्यांत उचलून नेतात. पोराच्या घरच्यांनाही सांगायचं नाही, कारण बाप हातभट्टीवर जाऊन छाती ठोकतो आणि संध्याकाळपर्यंत तीन जिल्ह्यांत होतं. व्हर्न पचकन थुंकला. "तो? अरे, त्याचं कोपर गेलंय. रात्री त्या हाताने चमचा उचलत नाही. डोकंही फिरलेलं, बघतोयस ना! खाणीत जाईल, दुसरं काय."

दोघं हसले आणि मोटारीत बसून गेले. डोंगरात हातांबद्दल व्हर्न टॅकेटचा शब्द म्हणजे चर्चमधल्या पाद्र्याचा शब्द.

प्रुइट येऊन लपून पोर बघून गेला. ओढ्यापलीकडच्या झाडीतून बघितलं, मोटारीतून उतरलाही नाही. जाताना म्हणाला, "व्हर्न, आयुष्यात असा डावा हात बघितला नाही मी. आता तोंड शिवून टाक. बायकोलासुद्धा नाही."

बायकोला त्याने त्याच रात्री सांगितलं. इनाने मक्याची भाकरी मोडता मोडता विचारलं, "आणि त्या पोराला?"

"पोराला कसं सांगू? बापाला कळेल."

"अरे, ते लेकरू रोज मार खातंय! त्याला कळू दे की जूनपर्यंतच सोसायचंय."

"धंद्याचा नियम आहे, इना."

"मसणात गेला तुझा धंदा," इना म्हणाली आणि ताट उचलून निघून गेली.

व्हर्नची थाप फिरत फिरत ओडेलच्या कानी गेली. मे महिन्यात भर दुपारी तो दुकानात शिरला. आत दोन गिऱ्हाइकं टायरांवर बसली होती, त्यातला एक दुसऱ्या संघाच्या पारख्याचा मेव्हणा.

"माझ्या पोराचा हात गेलाय म्हणतोस तू?" ओडेल म्हणाला.

व्हर्नने मेव्हण्याकडे बघितलं. "मी जे बघितलं ते बोललो."

"दहा वर्षं! दहा वर्षं भिंतीवर चेंडू मारून घेतोय मी त्याच्याकडून! हिवाळ्यात, बर्फात! आणि तू लंगड्या, शेणात तोंड घालणाऱ्या कुत्र्या, एका थुंकीत त्याची माती करतोस?"

ओडेलने टायर काढायची लोखंडी पहार उचलली आणि दुकानाची समोरची काच खाली आणली. दुसरा फटका व्हर्नच्या तोंडावर यायचा तो त्याने हातावर झेलला, मग ओडेलची मूठ आली आणि व्हर्नचा पुढचा दात गेला. व्हर्नही काही कमी नव्हता. त्याने पाना उचलून ओडेलच्या गुडघ्यावर हाणला, पडल्यावर बरगडीत हाणला, आणि गिऱ्हाइकांनी ओढून काढेपर्यंत हाणत राहिला. दोघंही रक्तबंबाळ. ओडेल लंगडत बाहेर गेला आणि रस्त्यातून ओरडला, "आता बघतोच त्या पोराला!"

एवढं झालं तरी व्हर्नने खरं सांगितलं नाही. उलट रात्री आरशात तुटका दात बघून स्वतःवर खूश झाला. दात गेला पण गुपित नाही गेलं, म्हणाला. काय म्हणावं या माणसाला!

दुसऱ्या दिवशी रॉयस स्वतः आला. काचा झाडायला लागला. त्याच्या मानेवर बक्कलाचे वळ होते, ताजे, एकावर एक. बराच वेळ झाडू मारून झाल्यावर त्याने विचारलं, "व्हर्नकाका, खरंच का हो? माझा हात कामातून गेलाय? दुखत तर नाही."

दुकानात तेव्हा कोणी नव्हतं. मेव्हणा नव्हता, ओडेल नव्हता. एक शब्द बोलला असता तर कुठल्या पारख्याचं काय गेलं असतं? व्हर्नच्या ओठांपर्यंत आलं. मग त्याला वाटलं, बापाने पट्टा काढला की पोर बोलून बसेल, आणि हा आपला शेवटचा पोरगा दुसऱ्याच्या टोपीत जाईल. तो टायरमधली हवा बघत म्हणाला, "जूनपर्यंत टाकत राहा."

"जूननंतर काय?"

"टाकत राहा म्हटलं ना!"

पोरगा झाडू भिंतीला टेकवून निघून गेला. त्यानंतर शाळेचे दोन सामने झाले, त्यात तो नुसता हात फिरवायचा. व्हर्न मनात म्हणाला, बरंच झालं, कोणाचं लक्ष जाणार नाही.

जूनमधल्या निवडीच्या दिवशी व्हर्न सकाळपासून फोनपाशी बसून होता. गिऱ्हाइकं ओरडून गेली. दुपारी जेवणाच्या सुमाराला घंटी वाजली. प्रुइट ओरडत होता, "घेतला! तिसऱ्या फेरीत! कोणाला पत्ताच नव्हता, म्हाताऱ्या, कोणालाच नाही! जा, सांग त्यांना!"

व्हर्न रडला. दुकान उघडं टाकून, टोपी घालून, लंगड्या पायाने ट्रक दामटत तो मलिन्सांच्या घळीत चढला. वाटेत भेटेल त्याला हॉर्न वाजवून हात करत होता.

अंगणात पोहोचला तेव्हा आतून आवाज येत होते. त्या सकाळी ओडेलने पोराचं नाव शेजारच्या खाणीत घातलं होतं. पोर नाही म्हणालं. पट्टा निघाला. वॉन्डा मध्ये पडली, तर ओडेलने चुलीवरचा बिडाचा तवा तिच्या डोक्यात घातला. हे सगळं नंतर कळलं. व्हर्न दारात आला तेव्हा वॉन्डा उंबऱ्याशी पडली होती, केसांतून रक्त वाहून फळ्यांच्या फटीत जात होतं. आणि रॉयस बापाच्या छातीवर बसून त्याच्या तोंडावर ठोसे घालत होता. डाव्या हाताने. ओडेलचा जबडा बाजूला सरकला होता, डोळे पांढरे झाले होते, तरी पोरगा थांबेना. ठोसा चुकला तर हात चुलीपुढच्या दगडी फरशीवर आपटायचा, आणि तो तोच हात पुन्हा उचलायचा.

"डाव्याने नको!" व्हर्न किंचाळला. "डाव्याने नको रे पोरा! डाव्याने नको!"

वॉन्डाला ओलांडून तो पुढे धावला. अहो, त्या बाईकडे त्याने बघितलंही नाही. पोराचा हात धरला तर तो त्याच्या मुठीत पोत्यासारखा लागला. आत सगळं सुटं झालं होतं.

वॉन्डा वाचली. ओडेलही वाचला, इस्पितळात जबडा तारांनी बांधून घेतला, खोलीबाहेर शेरीफचा माणूस बसला. रॉयसच्या हातावर डॉक्टरांनी दुपारभर काम केलं आणि व्हर्नला बाजूला घेऊन सांगितलं की भाकरी मोडता येईल, बंबाची लाकडं उचलता येतील. चेंडूचं विचारू नका.

व्हर्न खाटेशेजारी बसला. संघाची टोपी गुडघ्यावर ठेवून बोलला. तिसरी फेरी. संघाचं नाव. सगळं सांगितलं. बोलताना त्याच्या तोंडातून हुंदका फुटला आणि त्याने तो दाबला नाही.

रॉयसने छताकडे बघत ऐकून घेतलं. "कधी ठरलं हे?"

"आज दुपारी."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं? हात चांगला आहे हे?"

व्हर्नने मान खाली घातली. "एप्रिलपासून. पहिल्याच चेंडूपासून."

पोरगा चिडला नाही, रडला नाही. बँडेजात गुंडाळलेला हात छातीवर ठेवून त्याने व्हर्नकडे तोंड वळवलं.

"सांगायचं होतंत ना, काका," तो म्हणाला. "उजव्याने मारलं असतं."