अर्नाळ्याच्या किल्ल्यात ते हिरवं मैदान कुठं हाय?

शाळेच्या ग्रुपवर सरांनी फोटो टाकला. समुद्रातला किल्ला, त्याच्या भिंतीला लागून हिरवंगार मैदान, कडेला एक वाकडा माड. खाली लिहिलेलं, नाताळच्या सुट्टीत पाचवीच्या पोरांचं कॅम्पिंग, एक रात्र तंबूत, जागेवाल्याला विचारलेलं आहे, आईवडिलांनी संमतीपत्रावर सही करून द्यावी. माझी मनाली फोन घेऊन घरभर नाचली. मला फोटो बघूनच संशय आला. एवढं चांगलं मैदान मोकळं कसं ठेवलं कोणी?

माझं माहेर मनोरकडचं. आमी नदीवाले, पाण्याचा पलीकडचा काठ दिसला की आमाला बरं वाटतं. समुद्राला काठच नाय. नवऱ्याला म्हटलं, मी सही नाय करणार. तो कंपनीतून रातपाळी करून आलेला, म्हणाला, "मग जाऊन बघून ये. इथं बसून भांडू नको."

तर गेले. ज्या आयांना असाच कागद आला असंल त्यांच्यासाठी लिहिते.

एकटी नाय गेले. शेजारच्या सरिताभाभी, त्यांचा मुलगा मनालीच्याच वर्गात, त्यांना घेतलं. भाभी यूपीच्या, माझ्यापेक्षा जास्त संशयी. बोईसरला गाडीत बसल्या तेव्हाच म्हणाल्या, "दीदी, फोटो में तो सब अच्छा ही दिखता है. मेरे रिश्ते के टाइम भी फोटो ही आया था."

गाडी सकाळची धरा, पण ऑफिसवाल्यांची गर्दी उतरल्यावरची. वैतरणाची खाडी आली की पूल लांबच लांब, खाली चिखल आन पाणी. मी डोळे मिटले. विरारला उतरून पश्चिमेला बाहेर आलं की अर्नाळ्याची बस मिळते, शेअर रिक्षापण मिळते. रिक्षावाला जास्त घेतो, आधी विचारा. सुट्टे पैसे ठेवा, होडीवाल्याकडं सुट्टे नसतात.

होडी म्हणजे मला वाटलं पायऱ्याबियऱ्या असतील. कसलं काय. चपला हातात घ्यायच्या, सलवार वर खोचायची आन पाण्यात उतरून चढायचं. चढले आन फळी दोन्ही हातांनी धरली. समोर एक म्हातारी कोळीण बसलेली, मांडीत माशांची रिकामी पाटी. माझ्याकडं बघून म्हणाली, "पाण्याकडं नको बघू गो बाय, किल्ल्याकडं बघ."

"होडी कधी उलटली हाय का?" मी विचारलं.

"उलटली असती तर तुला सांगायला मी इथं बसले असते का?"

सगळी होडी हसली. मी नाय हसले. पण पोचलो लवकर, अर्धा कप चहा पिऊन होईल तेवढ्यात.

किल्ला मोठा हाय. दरवाजावर हत्ती, वाघ कोरलेत. आत भाजीचे वाफे, विहीर, देऊळ. विहिरीचं पाणी गोड, चारी बाजूनं समुद्र असून. भाभींनी आधी मला प्यायला लावलं, मग थोडं थांबून स्वतः प्यायल्या.

पण मैदान कुठंच दिसंना. भिंतीच्या आतून फिरलो, बाहेरून फिरलो. जाळं शिवत बसलेल्या एका काकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "असलं हिरवं इथं नाय. दुसऱ्या गावचं असंल." मग दुकानवाल्या बाईनं पण तेच सांगितलं. भाभी म्हणाल्या, "देखा? नेट से उठाया फोटो. ये सर कभी आया ही नहीं." खरं सांगते, मला आतून बरंच वाटलं. आता नाय म्हणायला कारण मिळालं होतं.

मग मला तो माड दिसला. तसाच वाकडा. त्याच्या मागं तीच भिंत. आन मधे, जिथं हिरवं असायला पाहिजे, तिथं शेणानं सारवलेलं मोठं खळं. त्यावर गुलाबी जवळा, ती बारीक कोळंबी, पसरलेला, बोट ठेवायला जागा नाय. कडेनं बांबूवर बोंबील टांगलेले. भाभींनी ओढणी नाकाला लावली ती विरारपर्यंत काढली नाय.

खळ्यावर होडीतलीच म्हातारी, झाडूनं जवळा उलटा करत होती. पुष्पामावशी तिचं नाव. मी फोटो दाखवला. ती फोन लांब धरून बघत राहिली.

"हे माझंच खळं. गणपतीतलं असंल. पावसात गवत येतं. ऊन पडलं की आमी गवत काढतो, सारवतो, सुकवायला घेतो. आता शिमग्यापर्यंत हे असंच."

"पण आमच्या सरांनी विचारलं होतं म्हणे."

"आमच्या दादल्याला विचारलं होतं एकानं, मैदान कोणाचं, पोरांना आणू का? तो म्हणाला आणा की. त्याला वाटलं बघायला येतील, वडापाव खातील, जातील." मी सांगितलं, पोरं रात्री तंबूत राहणार. ती म्हणाली, "तंबू? म्हंजे खुंट्या ठोकणार माझ्या खळ्यात?"

मी म्हटलं, नाय मावशी, मी सांगते त्यांना, रद्दच करायला लावते.

ती झाडू टेकून उभी राहिली. "रद्द कशाला? किती पोरं हायत?"

"चाळीस."

"चार घरांच्या ओसऱ्यात झोपतील. देवळापुढं मांडव हाय. तंबूत काय ठेवलंय?"

मला परत संशय. ओळख ना पाळख, ही चाळीस पोरं का घेईल? माझं तोंड बघून तिला कळलं असंल. म्हणाली, "चल, बघून घे." ओसरी दाखवली, चूल दाखवली, संडासपण दाखवला, स्वच्छ होता. मी विचारलं, रात्री पाणी वर येतं का. तिनं बाहेर नेऊन काळा दगड दाखवला. "उधाणाला इथवर. घरं बघ केवढी वर हायत. आन सरांना सांग, पोरं भरतीला आणा. ओहोटीला होडी लांब थांबते, पोरं चिखलात रुततील."

ते आमाला परतताना कळलंच. पाणी मागं गेलेलं, होडी लांब. चिखलात पाय घसरला आन मी होडीवाल्याची कॉलर पकडली. तो म्हणाला, "ताई, शर्ट सोडा, हात धरा." भाभी ओढणीतून हसत होत्या.

निघताना मावशीनं जवळ्याची पुडी हातात कोंबली होती. पैसे घेतले नायत.

शाळेत सर आधी चिडले. "ताई, मी स्वतः जाऊन आलोय." मी तिथं काढलेला फोटो पुढं केला. तोच माड, खाली जवळा. त्यांनी आपला फोटो काढून शेजारी धरला. मग खुर्ची पुढं केली आन भरतीचं काय ते नीट विचारून घेतलं. तंबू रद्द, ओसरी ठरली. मी म्हटलं, मी पण येते. सर म्हणाले, "एक आई आली की चाळीस येतील." म्हणजे मी नाय. मनाली एकटी जाणार.

मी गेले होते कॅम्प मोडायला. आलेल्या अडचणीला वाट मीच काढून दिली. रात्री कागद समोर, मनाली शेजारी बसलेली. मी उठून जवळा सुपात घेतला. मनात म्हटलं, जमिनीवर सुकवलेला, फुकट दिलेला, वाळू असणारच. पाखडला. परत पाखडला. थोडा दाताखाली धरून बघितला.

वाळू नव्हती.

सूप बाजूला ठेवलं आन मनालीला म्हटलं, पेन आण.