वहाणेची जीभ

वहाणा शिवणारे आप्पा माणसाच्या तोंडाकडे कधी बघायचेच नाहीत. मी लग्न होऊन शिरूरला आले तेव्हा मला वाटलं, काय शिष्ट म्हातारा आहे! मी टपरीपुढे उभी, आणि हे आपले मान खाली घालून चामडं कापतायत. जरा वेळानं म्हणाले, "सूनबाई, डावा पाय दुखतोय व्हय?" खरंच दुखत होता. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, माझी चाल ऐकली होती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. एसटी स्टँडकडून आमच्या घराकडे येणाऱ्या वाटेवरच आप्पांची टपरी होती. मागे कातडी कमवायचे हौद, आणि बाभळीच्या सालीचा आंबट वास सगळ्या गल्लीभर. कातडं आसपासच्या गावांतलं, बाभूळ घोडनदीकाठची, आणि शिवण कातड्याच्या वादीची. खिळ्याला ते हात लावायचे नाहीत. "खिळा ठोकला की वहाण मुकी व्हती," म्हणायचे.

आप्पांच्या वहाणा बोलायच्या ना! तळाच्या दोन थरांमध्ये ते कातड्याची एक निमुळती पट्टी घालत; पाऊल टाकलं रे टाकलं की करकर. त्या पट्टीला ते जीभ म्हणत. प्रत्येकाची जीभ वेगळी कापायची, एकाचा आवाज दुसऱ्याला द्यायचा नाही. एका पैलवानानं दुसऱ्यासारखी करकर मागितली तर त्याला म्हणाले, "दुसऱ्याचं तोंड लावून हिंडतोस व्हय रं?" पैलवान गुपचूप निघून गेला.

आणखी एक रीत होती त्यांची. माणूस गेला की घरच्यांनी त्याची वहाण आप्पांकडे आणायची. ते तळ उसवून जीभ काढून घ्यायचे आणि हौदामागच्या मातीत पुरून टाकायचे. मी एकदा विचारलंच, हे कशाला? "मालक जातो सूनबाई, पर वहाणेला घर ठाव असतंय. जीभ आत ऱ्हायली की ती येत ऱ्हाती." मी तोंडाला पदर लावून हसले होते. तेव्हा हसायला माझं काय जात होतं!

माझे धाकटे दीर, दिनूभाऊजी, दौंडला रेल्वेच्या यार्डात कामाला होते. दर शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी यायचे. सासूबाईंचे डोळे गेलेले, पण गल्लीच्या तोंडाशी करकर झाली की त्या आधी उठायच्या. "आला गं माझा दिनू!" म्हणत चाचपत जाऊन उंबऱ्याशी पाय धुवायला तांब्याभर पाणी ठेवायच्या. भाऊजींच्या डाव्या वहाणेची करकर लांब, उजवीची तुटकी. "भाऊजी, उजवीला उचकी लागली वाटतं," असं मी त्यांना चिडवायचे. बिचारे लाजायचे.

एकदा यार्डात डबे जोडताना भाऊजी मध्ये सापडले. घरी जे आणलं त्याबद्दल मी बोलत नाही. वहाणा दुसऱ्या दिवशी त्यांच्या जोडीदारानं आणून दिल्या, एकीचा अंगठा तेवढा तुटलेला. मी आप्पांकडे निघाले तर सासूबाई दारात आडव्या आल्या.

"जीभ काढायची न्हाई."

"आत्या, आप्पा म्हणतात, मग ती येत राहते."

"येऊ दे की मग! मला दुसरं काय पायजे?"

त्या बोलण्यानं मला हुंदका आवरेना. नुसता अंगठा शिवून आणते, असं त्यांच्या पायाची शपथ घेऊन मी वहाणा नेल्या आणि आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालूनच ऐकलं. संध्याकाळी वहाणा माझ्या हातात देत म्हणाले, "जीभ हाय तशी हाय, सांगा म्हातारीला." वहाणा आम्ही दारामागं ठेवल्या.

पुढच्या शनिवारी रणरणत्या दुपारी मी भाकरी थापत होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आणि करकर आली. एक लांब, एक तुटकी. जवळ आली, उंबऱ्याशी थांबली. सासूबाई तांब्या घेऊन कधीच दारात पोचल्या होत्या. मी धीर करून दारामागं पाहिलं. वहाणा जागच्या जागी, आणि बाहेर नुसतं ऊन.

मग दर शनिवारी तेच. आमचे हे म्हणायचे, कातडं उन्हानं तडतडतं. मी भ्यायचे, कशाला खोटं बोलू? पण आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडणारी ती बाई शनिवारी वेणी घालून घ्यायची, गोड खायला मागायची. ते बघून मी मुकाट राहायचे.

दोन-तीन वर्षांनी सासूबाई गेल्या. तेरावा झाल्यावर मी वहाणा आप्पांपुढं ठेवल्या. "आता काढा जीभ."

आप्पांनी मान वर केली. पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि बाई गं, ते डोळे माझ्याहून भ्यालेले होते.

"सूनबाई, तुमच्यात आवाज यायचा?"

"दर शनिवारी."

"माझ्या दारावरनंच जायचा." त्यांनी वहाणा मांडीवर घेतल्या. "म्या खोटं बोललो तुमच्यासंगं. जीभ तवाच काढून पुरली हुती. म्हातारीचं मन मोडवंना, आन् ठिवायचंबी भ्या वाटलं. मग दर शनवारी ऐकू याया लागलं. म्हनलं, हात चुकला आपला, तुकडा ऱ्हायला आत."

त्यांनी कातडं कापायची रापी घेतली आणि दोन्ही तळ उसवले. आत काही नव्हतं. कोरडं, सपाट कातडं. त्यावरून ते कितीदा तरी बोटं फिरवत राहिले.

"म्हंजी वहाण बोलत न्हवतीच," आप्पा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कुणाच्याच वहाणेत जीभ घातली नाही. गिऱ्हाईक तुटलं, तरी नाही. पुढं टपरी मोडून ते लेकीकडे भांडगावला राहायला गेले, आणि पुन्हा काही आमची भेट झाली नाही. फार जीव होता माझा त्या म्हाताऱ्यावर. निघताना आमच्या दारात आले होते, अनवाणी. पाणी प्यायले आणि खाली बघतच म्हणाले, "शनवारचा तांब्या ठिवत जावा, सूनबाई. आई गेली ह्ये त्या पोराला कुणी सांगितलं असल का?"

मी तरी अजून सांगितलेलं नाही. तांब्या ठेवते.