व्होल्गेची ओटी

दिनांक ९ जुलै १९३५, मंगळवार, सकाळी साडेसात वाजता आम्ही उभयता व्होल्गा नदीवरील आगबोटीत चढलो. लंडनमधील अपिलाचे काम आटोपले होते. नाशिकला परतण्यापूर्वी थोडे हिंडावे, एवढाच हेतू. जागा मी निवडली. नारळ पत्नीने आणला.

तिच्या माहेरची रीत अशी की, परक्या नदीवर प्रथम नावेत बसल्यावर सवाष्णीने तिची ओटी भरावी आणि मगच अन्न घ्यावे. त्यासाठी खण, तांदूळ आणि नारळ पंचवटीतून ट्रंकेत घालून आणले होते. नारळ वाळून खुळखुळत होता. न्याहारीची घंटा झाली. बोट थांबल्याखेरीज ओटी भरता येत नव्हती; तिने चहासुद्धा घेतला नाही.

दुपारी बोट एका धक्क्याला लागली. पत्नीने कठड्याशी उभे राहून हळदकुंकू आणि तांदूळ वाहिले व खणात बांधलेला नारळ सोडला. तो तरंगू लागला. धक्क्यावरील एका खलाशाने आकडीने ओढून घेतला, बाहीने पुसला आणि वर येऊन तिच्या हाती दिला.

रामकुंडात सोडलेले नारळही पोरे काढतात. परंतु परत आणून देण्याची सचोटी तेथे नाही.

"अहो, त्याला सांगा ना, पडला नव्हता म्हणून."

"मला रशियन येत नाही."

"मग बॅरिस्टर कशाला झालात?"

तिने दुसऱ्या बाजूने पुन्हा सोडला. या वेळी एका तरुणाने सूर मारून आणून दिला. उतारूंनी टाळ्या वाजविल्या. तिला हात जोडावे लागले.

"ही नदी आहे की माझी सासू? दिलेलं काही ठेवूनच घेत नाही!"

माझ्या मातोश्रींविषयीचे हे विधान मी आव्हानाविना सोडले. ती उपाशी होती.

इतक्यात इंग्रजी जाणणारी दुभाषी बाई आली. नदीत वस्तू टाकण्यास मनाई आहे, असे तिने बजावले.

"टाकते कुठे? देते आहे," पत्नी म्हणाली.

मी भाषांतर केले. नदीला काही देण्याची सोय नाही, असे उत्तर आले.

चार वाजेपर्यंत पत्नीचा चेहरा उतरला. थोडे खाऊन घे, असे मी सुचविले.

"तुम्ही खा."

मी दोनदा खाल्ले होते.

भोजनगृहातील एक स्थूल, वयस्क मोलकरीण टेबल आवरावयास आली. ओला नारळ पाहून, कचराच तो, या समजुतीने तिने घेण्यासाठी एप्रन पसरला. पत्नी एकदम उठली.

"अहो, ही इथलीच ना? विचारा. आणि नवरा आहे का, तेही."

दुभाषी बाईने विचारले. मोलकरणीचा जन्म याच काठावरचा. नवऱ्याविषयी ती सुकाणूच्या खोलीकडे हात करून काहीतरी म्हणाली.

"आहे," दुभाषी बाईने सांगितले, "पण काही कामाचा नाही, म्हणते."

मी ते पत्नीला कळविले.

"चालेल. तेवढ्यानं अडत नाही."

तिने कुंकू लावले आणि खणासकट नारळ एप्रनमध्ये घातला. मोलकरणीने तिच्या दोन्ही गालांचे सशब्द मुके घेतले. पत्नीने मदतीसाठी माझ्याकडे पाहिले. मी नदीकडे पाहिले.

"लेकीनं घेतलं म्हणजे आईनं घेतलं," गाल पुशीत तिने निकाल दिला. त्यावर अपील नव्हते.

भोजनाची वेळ टळून गेली होती. सालीसकट उकडलेले बटाटे तेवढे उरले होते. मी खिशातील चाकूने ते सोलले आणि मीठ लावून तिच्यापुढे ठेवले.