लोडवर ऐकलेले दोन ॲम्प

माझ्या जुन्या आवाजाचा मला माज होता, हे आधीच कबूल करते. आवाज म्हणजे गळ्यातला नव्हे, गिटारचा. पंधरा वर्षांपूर्वी मी पायाशी ठेवायची एक डिजिटल पेटी घेतली होती. मॉडेलर म्हणतात तिला. मोठमोठे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, जसे वाजतात तसं ही पेटी आतल्या प्रोग्रामच्या जोरावर वाजते, निदान तसा प्रयत्न तरी करते. तिच्यातला सगळ्यात आडदांड, हाय गेनचा ॲम्प मी निवडला होता. हाय गेन म्हणजे आवाज इतका ताणायचा की तो फाटायला लागतो; आणि आम्हा हेवी मेटल वाजवणाऱ्यांना तो फाटलेलाच हवा असतो. पण त्या पेटीतला मूळ आवाज म्हणजे वर मोहरी तडतडल्यासारखी चरचर आणि खाली सगळा गाळ. दोन वर्षं मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. गेन उतरवला, मधला आवाज चढवला, जाड तारांवर तळहात कुठे आणि किती टेकवायचा ते नव्याने शिकले. शेवटी तो पॅच, म्हणजे सगळ्या सेटिंगचा मेळ, असा जमला की आमचा बँड त्यावरून ओळखला जाऊ लागला. पुण्यात मेटल ऐकणारे म्हणजे फिरून फिरून तीच ती माणसं, पण ती ओळखायची खरी.

आमची प्रॅक्टिस कसब्यात चालते, तांबटांच्या आळीला लागून असलेल्या एका खोलीत. शेजारी दिवसभर हंड्यांवर हातोडे पडत असतात, त्यामुळे आमची तक्रार आजवर कुणी केलेली नाही. खोलीचे मालक अस्सल पेठेतले. दाराबाहेरच्या फळ्यावर कुणाची वेळ कधी ते खडूने लिहितात आणि त्याखाली कायमची ओळ: ‘वाद्ये भाड्याने मिळणार नाहीत. कान तर नाहीतच.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता. आता नवीन कुणी आलं की मीच आधी तिकडे बोट दाखवते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आमची चार गाणी एकदाची रेकॉर्ड करायचं ठरवलं. बँडमध्ये आम्ही चौघं. त्यातला दुसरा गिटारवाला माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आयटीतला, स्वभावाने गरीब. त्याने नुकताच नवा मॉडेलर घेतला होता. एका रविवारी चहा पिताना तो म्हणाला, “ताई, तुझा पॅच भारीच आहे. पण आता जुना वाटतो गं.” इतक्या प्रेमाने म्हणाला की भांडताही येईना. मग ठरलं की मी एकच तुकडा दोन्ही पेट्यांवर वाजवायचा, बाकीच्या तिघांनी भिंतीकडे तोंड करून ऐकायचं आणि जो आवाज निवडला जाईल तोच रेकॉर्डिंगला घ्यायचा. हरलेली पेटी घरी जाणार. मी हो म्हटलं, कारण मी हरणारच नव्हते. तिघांनीही नवा आवाज निवडला, तोही क्षणभर न थांबता. मी हसून ‘बरं’ म्हटलं आणि गिटार पॅक करताना केसची चेन तोडली.

घर विश्रांतवाडीला. पुढच्या रविवारी विहारातली वंदना आटोपून बाबा घरी आले तेव्हा मी मोबाइलवर रेकॉर्ड केलेले तेच दोन तुकडे पुन्हा पुन्हा ऐकत बसले होते. बाबा एका इंजिनांच्या कारखान्यात टेस्ट बेंचवर होते, तीस वर्षं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आतलं कुठलं बेअरिंग बोलतंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्या शेडने त्यांचे कान खाल्ले. आता मोबाइलची रिंग त्यांना ऐकू येत नाही आणि श्रवणयंत्र खिशातल्या डबीत असतं. त्यांना तोंडाने ‘छान’ म्हणता येत नाही, हा आणखी एक आजार. माझ्या दहावीच्या निकालालाही म्हणाले नव्हते. कारखान्यात इंजिन पास झालं की त्यावर खडूने बरोबरची खूण करायचे आणि पुढच्याकडे वळायचे.

त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, मूठ लावायचे तिथेच, कानामागे धरला आणि दोन्ही तुकडे ऐकले.

“दुसरा मोठाय,” ते म्हणाले. “दोन इंजिनं ताडून बघायची तर आधी एकाच स्पीडवर आणायची. नाहीतर पळणारं जास्त, तेच दमदार वाटतं. आणि हे नुसतं रिकामं पळवलंय. लोड कुठंय?”

मी नोकरी करते ती सॉफ्टवेअर तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते आणि पगार घेते. नवी पेटी थोडी मोठ्याने लावलेली होती आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, ही शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट आमच्या चौघांपैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती. मला लाज वाटली, आणि लाजेच्या दुप्पट आनंद झाला. माझा पॅच हरलाच नव्हता, त्याला हरवलं होतं. मी सगळ्यांना कळवून टाकलं की चाचणी रद्द. पुढच्या रविवारी परत होईल आणि परीक्षक मी घेऊन येतेय. त्या कानांबद्दल जे जे सांगता येईल ते सगळं मी सांगितलं.

रविवारी स्कूटरवर बाबा मागे, गिटार पुढे, असे येरवड्यावरून निघून कसब्यात पोहोचलो. फळ्यावरची ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, बरोबर लिहिलंय. खोलीत गेल्यावर पिशवीतून स्क्रूड्रायव्हर निघाला तेव्हा आमचा ड्रमर खाली बघून हसला. मी ते लक्षात ठेवलं आहे.

दोन्ही पेट्या एकाच स्पीकरला जोडल्या. मोबाइलवरच्या मीटरने त्यांचा आवाज अगदी सारखा केला. बाबा भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पीकरच्या लाकडी खोक्याला, मूठ कानामागे, डोळे मिटलेले. आधी मी एकटीच वाजवलं, मग लोड म्हणून ड्रम्स आणि बेससकट. कुठली पेटी पहिली ते बाबांना ठाऊक नव्हतं. चार वेळा वाजवायला लावलं, मध्ये एकदा आम्ही क्रम गुपचूप उलटा केला. ड्रमरचं हसू दुसऱ्याच फेरीत गेलं होतं. मी मात्र निर्धास्त होते. इतकी वर्षं ज्या कानांनी कारखान्यातलं एकही खोटं इंजिन बाहेर जाऊ दिलं नाही ते माझ्या बाजूने होते.

बाबांनी चारही वेळा नवा ॲम्प निवडला. क्रम उलटा केला तेव्हा निकालही उलटा केला.

चेहरा सांभाळायला मी ट्यूनिंग तपासल्यासारखं करत होते. तक्रार करायला जागाच नव्हती. आवाज सारखा होता, लोड होता आणि परीक्षक मीच आणला होता. शेवटी धाकट्या गिटारवाल्यानेच विचारलं, काका, शेवटच्या फेरीतल्या पहिल्यात काय कमी आहे?

बाबा वळले. त्यांना अजूनही कुठली पेटी कुणाची ते माहीत नव्हतं.

“पहिलं मशीन कमी पडतंय,” ते म्हणाले. “खाली दम नाही त्याच्यात. पण ही पोरगी कळू देत नाही. प्रत्येक ठोक्याला हात दाबून भरून काढते. दुसऱ्यावर हात मोकळा चालतो. वर्षानुवर्षं असल्या मशीनवर ओढलं असेल, तर हाताला मानलं पाहिजे.”

तारांवर तळहात टेकवण्याबद्दल मी त्यांना कधी अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. मी वाजवत असताना ते माझ्याकडे बघतही नव्हते. लाकडाच्या खोक्यातून, अर्ध्या गेलेल्या कानांनी त्यांनी पंधरा वर्षांची माझी सगळी मेहनत ऐकली होती. धाकट्याने एकदम जुनी पेटी पायाशी ओढली आणि माझा पॅच स्वतः वाजवून बघितला. वर मोहरी तडतडली, खाली गाळ झाला. सेटिंग तेच, पेटीवरचं एक बटणही हललेलं नव्हतं. तो दोनदा वाजवून थांबला आणि गिटार खाली ठेवून म्हणाला, ताई, हे तू वाजवायचीस?

बाबा तोवर उठून बाहेर गेले होते. मला वाटलं पाणी प्यायला. आले ते फळ्याजवळचा खडू घेऊन. दोन्ही पेट्या जमिनीवर शेजारी शेजारी होत्या, आणि पास कोण झालंय ते सगळ्यांनाच माहीत होतं. बाबांनी दोन्ही ओलांडल्या. भिंतीला टेकवलेल्या माझ्या गिटारच्या काळ्या केसवर, तुटलेल्या चेनच्या जरा वर, त्यांनी एक बरोबरची खूण केली आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

गाणी नव्या ॲम्पवर रेकॉर्ड झाली. गेन मी उतरवला, मधला आवाज चढवला, आणि धाकट्याने त्याचं सेटिंगही माझ्याकडूनच लावून घेतलं. मालकांनी खडूबद्दल मला दारातच ऐकवलं आणि पुढच्या रविवारपासून खडू सुतळीने बांधून ठेवला. केसची चेन अजून दुरुस्त केलेली नाही. दुरुस्तीवाला आधी ओल्या फडक्याने सगळं पुसून घेतो, म्हणून.